हात वर केलेला शर्ट

दूध उतू जाण्याच्या बेतात होतं. लेक एक मोजा हातात धरून दुसऱ्यासाठी घरभर ओरडत फिरत होती. आमचे हे न्हाणीघराच्या बंद दारामागून पाणी गार असल्याची तक्रार करत होते. तेवढ्यात दार वाजलं. घंटी नाही, दार. बोटाच्या पेराने, तीनदा, मध्ये सारखं अंतर ठेवून.

"आले तुझे दहाकाका," लेक म्हणाली. "आता माझा एक मोजा राहू दे, तू दहा मोज."

मी गॅस बंद केला आणि ओल्या हातांनी दार उघडलं. काका छातीशी कागद उलटा धरून उभे होते.

"वेळ नाहीये ना वहिनी? माहीत आहे. पण दहाच."

"दाखवा की."

त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर धरला आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. कागद थरथरत होता. दहा झाल्याबरोबर त्यांनी तो पुन्हा छातीशी लावला.

हे काका वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांची एक पद्धत होती, आणि त्यावरूनच पोरांनी त्यांना दहाकाका नाव पाडलं. कुठल्याही धंद्याची निशाणी रंगवण्याआधी ते ती अशा माणसाला दाखवायचे, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दहा आकडे होईपर्यंत बघायचं, मग कागद परत. दिवस आपापल्या कामात घालवायचा. संध्याकाळी ते कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन यायचे आणि म्हणायचे, "काढा." जे आठवणीने काढता येतं तेच ठेवायचं, बाकीचं पुसायचं. काकू होत्या तोवर हे काम त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर काका एक मजला खाली उतरून माझ्याकडे आले. त्याला आता चौदा वर्षं झाली.

सुरुवातीला हात अडला की मी ओशाळायचे. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटायचं. तेव्हा ते म्हणायचे, "तुमचं चुकत नाही वहिनी. निशाणीचं चुकतं." चष्मेवाल्याची निशाणी मी तीनदा चुकले, तेव्हा कुठे तिच्यात दोन गोल आणि वर एक उचललेली भुवई एवढंच उरलं. ती मी अजून डोळे मिटून काढीन. चष्मेवाल्याने मात्र ती कधीच काढून टाकली आणि तिथे दात दाखवणाऱ्या एका बाईचा झगझगीत फोटो लावला. एकेक करत काकांच्या सगळ्या पाट्या अशाच उतरल्या.

राहिली होती एकच. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीची.

"कुणाची आहे ही?" मी विचारलं.

"हातवाल्यांचीच. बदलायची म्हणतात."

त्या लॉन्ड्रीला खरं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. पाटीवर एक निळा शर्ट आहे आणि त्याने एक बाही वर केली आहे, वर्गात उत्तर येणारं मूल हात वर करतं तशी. सगळे म्हणतात, हातवाल्यांकडे कपडे टाकलेत. काकांनी ती निशाणी काढली तेव्हा तिची परीक्षा काकूंऐवजी त्यांनी मालकांच्या सहा वर्षांच्या मुलीवर केली होती. तिने ती भिंतीवर कोळशाने काढून दाखवली आणि बापाचा धपाटा खाल्ला. निशाणीवर मात्र मालक खूश झाले. दुकानामागे जिन्याला लागून एक खिडकी असलेली खोली होती, ती त्यांनी काकांना बसायला दिली. तेव्हापासून रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा काका त्या खोलीत असत, काम असो वा नसो. मालक मागच्या वर्षी गेले. ती कोळसेवाली मुलगी आता पाच दुकानांची मालकीण आहे.

"शुक्रवारपर्यंत मला संधी दिली आहे तिने," काका म्हणाले. "आवडलं तर पाचही दुकानांच्या पाट्या मीच करायच्या, खोली राहील. नाहीतर कंप्युटरवाली कंपनी करणार आणि खोलीत वाफेचं इस्त्रीयंत्र येणार."

"आज मंगळवार."

"हो ना," म्हणत ते हसले. "आणि ह्या अंगठ्याला मंगळवार-शुक्रवार काही कळत नाही." त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा दोन वर्षांपासून आपल्या मनाने हलत होता. "भाडेकरू ठेवल्यासारखा आहे. माझं ऐकत नाही आणि जागाही सोडत नाही."

घरात त्यांना दिवसा जागा नव्हती, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. दोन खोल्या आणि चार माणसं. सून घरून कंपनीचे फोन घेते, त्यामुळे दिवसभर आवाज करायचा नाही, मध्ये यायचं नाही. ती वाईट नाही, तिचीही कोंडीच आहे. काका एकदा म्हणाले होते, "दिवसा मी घरी म्हणजे दारात उघडी ठेवलेली छत्री. येणारा-जाणारा प्रत्येकजण अडखळतो."

त्या संध्याकाळी मी काढायला बसले. एक घमेलं आठवलं, त्यात फेस. बाकी काही केल्या येईना.

"पडदा होता," काका हळूच म्हणाले. "मागे गालिचा गुंडाळलेला होता. आणि एक बूट."

"बूट?"

"ती म्हणाली, बाबा नुसते शर्ट धुवायचे, आम्ही आता पडदे, गालिचे, बूट सगळं धुतो. म्हटलं, सगळं घालावं."

"काका, हे म्हणजे घर बदलताना टेम्पो भरतात तसं झालं."

ते मोठ्याने हसले. "तुमचं चुकत नाही" हे नेहमीचं वाक्य म्हणाले, कागदाची घडी केली आणि वर गेले. बुधवारी पुन्हा दार वाजलं. त्या दिवशी पाण्याचा थेंब होता आणि थेंबात इस्त्री. संध्याकाळी मी थेंब काढला, इस्त्री मात्र बोटीसारखी झाली. ह्या वेळी ते हसले नाहीत.

"वहिनी, चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो. निशाणीने एकच गोष्ट सांगावी. रस्त्यापलीकडून दिसावी, बोटाच्या नखाएवढी केली तरी दिसावी, एका रंगात दिसावी. आणि आता मलाच..."

गुरुवारी सकाळी मी चहाला दूध द्यायच्या निमित्ताने लॉन्ड्रीमागच्या त्यांच्या खोलीत डोकावले. ब्रश धुऊन, टोकं वर करून डब्यात उभे होते. भिंतीशी, रंगवताना मनगट टेकवायची काठी उभी होती, तिच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. रंगाच्या थेंबांनी पाय चितारलेल्या त्यांच्या स्टुलाभोवती जमिनीवर कागदच कागद पसरले होते. सगळ्यांवर एकच चित्र, आणि प्रत्येकात रेघ कुठेतरी दचकलेली.

"बेचाळीस झाले," ते म्हणाले. "हा त्रेचाळिसावा. श्वास रोखला, काठीवर मनगट दाबलं आणि एका दमात काढला. बघा."

काय सुंदर होता तो! एकच बारीक रेघ. वर हुक, तिथून ती उतरून हँगरचा खांदा होते, तिथून कॉलर, मग वळत वळत घडी घातलेलं कापड, आणि शेवटी पुन्हा हुकाजवळ येऊन थांबते. कुठे कंप नाही, कुठे गाठ नाही. केसाएवढी रेघ. मी दहा आकड्यांचं भान विसरून बघत राहिले. शाळेला निघालेली लेक माझ्या मागून आली होती. "काका, भारी!" म्हणत तिने पटकन मोबाईलवर फोटो काढला. काकांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

दिवसभर मी ती रेघ मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. भांडी घासताना आठवलं की हुक होता. कपडे वाळत घालताना हातात हँगर असूनही पुढचं वळण सापडेना. खांद्यानंतर कॉलर की आधी घडी? मला सुंदर वाटलेली गोष्ट पाण्यावर काढल्यासारखी विरत चालली होती. चारच्या सुमाराला मी चोरून कागद घेऊन बसले. हुक काढला आणि अडले. पुन्हा हुक काढला. पाच हुक झाले.

लेक शाळेतून आली. मी तिला म्हटलं, "तो फोटो दाखव बरं."

"आई! हे कॉपी करणं झालं."

"दाखव म्हटलं ना."

तिने दाखवला. मी तो बघून सात वेळा गिरवला. स्वतःला काय काय समजावलं! उद्या शुक्रवार आहे. माणसाला झोप तर लागू दे. आणि शेवटी निशाणी मला नाही, मालकिणीला आवडायची आहे.

काका साडेसहाला आले. कोरा कागद ठेवला, पेन्सिल ठेवली आणि खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. "काढा," म्हणाले. मी काढली. हुक, खांदा, कॉलर, घडी, हुक. थोडी वाकडी, पण सगळी.

काका चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला लागले आणि पुसतच राहिले. मग म्हणाले, "जमलं. वहिनी, जमलं हो! मला वाटत होतं, सगळं संपलं." लेक अभ्यासाच्या वहीत डोकं खुपसून बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

शुक्रवारी ते म्हणाले, कागद धरायला चला, मालकिणीसमोर हात हलला तर बरं दिसत नाही. मी गेले. लॉन्ड्रीत गरम कापडाचा आणि साबणाचा वास भरला होता. मालकीण काउंटरमागून बाहेर आली. चाळिशीची, केस वर बांधलेले, कानामागे पेन.

"या काका. बसा ना."

"बसतो ग चिमणे, आधी बघ."

तिने कागद हातात घेतला. बराच वेळ बघितलं. "फार देखणं आहे," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तिने कागद खाली ठेवला नाही. इस्त्रीवाल्याला हाक मारली, कपडे पोचवणाऱ्या गाडीवाल्यालाही बोलावलं, आणि कागद त्यांच्यापुढे धरून मोजायला लागली. एक, दोन, तीन.

काकांचा चेहरा उजळला. "विसरली नाहीस!"

"कशी विसरेन? धपाटा मी खाल्लाय."

मग तिने आम्हाला चहा दिला, पोराबाळांची विचारपूस केली. दोन गिऱ्हाइकं केली. पाऊण तासाने दोघांना पुन्हा बोलावून कागद दिले. गाडीवाल्याने एक प्रश्नचिन्ह काढलं. इस्त्रीवाला बिचारा रोज हजार हँगर हाताळणारा. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, काहीतरी गोलगोल होतं. छान होतं."

मालकिणीने मोबाईलवर कागदाचा फोटो घेतला आणि दोन बोटांनी लहान लहान करत कपड्याला टाचायच्या चिठ्ठीएवढा केला. रेघ दिसेनाशी झाली. राहिला एक करडा डाग.

"काका, तुम्हीच शिकवलंत ना?" तिचा आवाज बारीक झाला होता. "नखाएवढी केली तरी दिसावी म्हणून?"

"रेघ जाड करता येईल."

"जाड केली तर मधल्या जागा बुजतील."

"पण आठवते ती!" काका उठून उभे राहिले. "ह्या दोघांचं जाऊ दे, हे कामाच्या घाईत आहेत. वहिनींना आठवली होती. काल, एका दमात. चौदा वर्षं बघतोय मी, वहिनी कधी खोटं काढत नाहीत. वहिनी, दाखवा हिला." आणि त्यांनी पेन्सिल माझ्यासमोर धरली. ती त्यांच्या बोटांत टकटक हलत होती.

मी घेतली. हुक काढला. खांदा काढला. आदल्या दिवशी सात वेळा गिरवलेलं हाताला आठवायला हवं होतं, पण तिघं-चौघं बघत होते, आणि पुढे कॉलर की घडी हे मला खरोखर माहीत नव्हतं. कधीच माहीत नव्हतं. पेन्सिल जागच्या जागी थांबली.

काकांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तुमचं चुकत नाही वहिनी, असं ते म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ते म्हणाले नाहीत.

परत येताना आम्ही रस्त्याच्या कडेने चाललो होतो. औषधाच्या दुकानापाशी मी सगळं सांगून टाकलं. फोटो, सात कागद, सगळं.

"म्हणजे काल तुम्हाला आठवलंच नव्हतं."

"नाही."

"काहीच?"

"हुक आठवत होता. तेवढाच. पाच वेळा तोच काढला."

ते थांबले. मागून येणारा सायकलवाला शिव्या घालत बाजूने गेला.

"हुक," ते म्हणाले. "अहो, मग हुकच ठेवायचा होता! जाडजूड, निळा, एकटा हुक. शर्ट असो, पडदा असो, गालिचा असो, सगळं धुऊन शेवटी टांगायचंच ना? नखाएवढा केला तरी दिसला असता. ह्या अंगठ्यानेसुद्धा काढता आला असता." त्यांनी तो हलणारा अंगठा दुसऱ्या मुठीत घट्ट धरला. "रात्र होती वहिनी माझ्याकडे. अख्खी रात्र."

मग ते म्हणाले, "नुसता तुम्हाला दोष नाही देत. मला ती रेघ काढायची होती. अजून काढता येते का, ते बघायचं होतं. लॉन्ड्री राहिली बाजूला."

शनिवारी सकाळी मी घरातलं सगळं तसंच टाकून एकटी मालकिणीकडे गेले. हुकाचं सांगितलं, माझं पापही सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, आणि मी काढलेला हुक हातात घेऊन बराच वेळ बघत बसली.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "खरंच चांगला आहे. काल हा असता तर मी काकांनाच काम दिलं असतं. पण काल संध्याकाळी मी कंपनीला शब्द दिला. आणि यंत्र सोमवारी येतंय, त्याला दुसरी जागा नाही. पाच दुकानांचे कपडे मी कुठे इस्त्री करू, तुम्हीच सांगा."

"निदान खोली..."

"मला काय आनंद होतोय का ताई?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पाटी उतरवताना मी समोर थांबणार नाहीये, एवढं मला कळतं."

तिचं काहीच चुकत नव्हतं, आणि त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

रविवारी खोली रिकामी केली. काकांचा मुलगा आला, दोन पोती भरून घरी नेली आणि परत आलाच नाही. ब्रश काकांनी गाडीवाल्याच्या मुलीला दिले. काठी मोडून टाकायला निघाले होते, ती मी काढून घेतली. शेवटी एक पुठ्ठ्याची फाईल निघाली. तिच्यात चौदा वर्षांचे माझे कागद होते, आणि त्याखाली काकूंचे. माझ्या वाकड्या किल्ल्या, अर्धवट कात्र्या, खोडलेली भुवई. प्रत्येकावर तारीख होती, आणि मी कुठे अडले तिथे लाल टिंब. अगदी वरती गुरुवारचा कागद होता. हुक, खांदा, कॉलर, घडी, हुक. त्याच्यावर लाल टिंब नव्हतं.

काकांनी तो बाहेर काढला नाही. फाईल बंद करून माझ्या हातात दिली. "घरी वर कुठे ठेवणार?" म्हणाले.

बाहेर पडलो तेव्हा समोरच्या शिडीवर दोन माणसं चढलेली होती. पाटीचे खिळे वर्षानुवर्षं रंगाखाली बुजलेले, ते काही निघत नव्हते. निळा शर्ट एका बाजूने सुटून तिरका लोंबकळत होता आणि त्याची वर केलेली बाही आता रस्त्याकडे झाली होती. काकांनी मान वळवली नाही. एका हातात स्टूल धरून ते पुढे चालत राहिले, आणि मी काठी नि फाईल सांभाळत मागे.

इमारतीत शिरलो. माझं घर तळमजल्यावर आहे. दाराला लागूनच जिना वर जातो. जिन्याखाली विजेच्या मीटरच्या पेट्या आहेत, लेकीची जुनी सायकल आहे, आणि तिच्या पलीकडे दोन फरश्यांएवढी रिकामी जागा. दुपारी तिथे उजेडही नीट येत नाही.

मी कुलूप उघडलं. काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबले होते. वरून सुनेचा फोनवरचा आवाज येत होता, रविवार असूनही. त्यांनी पाय पुन्हा खाली घेतला.

"सूनबाई म्हणाली, स्टूल वर मावणार नाही," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे. मापाने पाहिलं मी."

"काका, आत या. चहा टाकते."

"चहा नको." त्यांनी स्टूल फरशीवर ठेवलं. एक पाय आखूड होता, ते डगडगलं. त्यांनी ते फिरवून बघितलं, सायकलीपलीकडच्या फरशीवर ते नीट बसलं. मग ते माझ्याकडे वळले. मी खाली बघत होते, म्हणून मी वर बघेपर्यंत थांबले.

"वहिनी, एक विचारतो. दिवसा, नऊ ते सहा, हे स्टूल इथे जिन्याखाली ठेवून मी बसलो तर चालेल का?"